सोयाबीनच्या शेतातील तण

वाराणसी म्हटली की मराठी मनापुढे गंगेचे घाट उभे राहतात. परंतु त्याच नगरीत, हिंदू विश्वविद्यालयाच्या कृषिविज्ञान संस्थेत, गंगेच्या गाळमातीवर पिकांची पारख होत असते; आणि तणाचा तेथील प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन पेरणाऱ्यास मुळीच परका नाही.

सोयाबीनचे रोप पहिला महिना-दीड महिना सावकाश वाढते. तण मात्र पहिल्या पावसासरशी उठते. हेच दिवस निर्णायक होत. पावसाने झड धरली की कोळपे चालत नाही, खुरपणीस माणूस मिळत नाही. आणि वाफसा येईतो केना नि लव्हाळा पिकाच्या डोक्यावर गेलेला असतो.

येथे पेरणीची रीत कामास येते. रुंद वरंब्यावर पेरले असता जादा पाणी सरीत उतरते, मुळांना हवा मिळते, नत्राच्या गाठी पोसतात. असे जोमदार पीक लवकर ओळी झाकते, आणि त्या सावलीत तणाचे फारसे चालत नाही.

तणनाशकाची गोष्ट अंमळ नाजूक. पेंडीमिथॅलिन पेरणीनंतर, उगवणीपूर्वी, ओल्या जमिनीवर फवारतात. ते अंकुरणारे बी मारते. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठींना त्याची फारशी बाधा होत नाही. इमॅझेथापायर उभ्या पिकात, तण कोवळे असताना, हेक्टरी १०० ग्रॅम क्रियाशील घटक या मानाने देतात. सोयाबीन ते पचविते. बहुतेक तणांना ते साधत नाही. मात्र वर्षानुवर्षे तेच औषध वापरले, तर त्यातून वाचलेल्या तणाचेच बी शेतात पडत जाते. म्हणूनच जाणता शेतकरी फवारणीनंतरही कोळपे अडगळीत टाकीत नाही.