विश्लेषण : खिशातल्या फिल्म कॅमेऱ्यासाठी लाखभर रुपये मोजावेत का?

कॉन्टॅक्स टी२ हा कॅमेरा १९९० साली आला. टायटॅनियमची बॉडी, कार्ल झाइसची ३८ मिमी एफ/२.८ लेन्स आणि वजन ३०० ग्रॅमच्या आत. २०१७ मध्ये मॉडेल केंडल जेनरने एका अमेरिकी टीव्ही शोमध्ये तो दाखवला आणि जुन्या बाजारात त्याचे भाव चढत गेले. आज चांगल्या स्थितीतला टी२ लाखाच्या घरात जातो. पण रोज सोबत बाळगायला तो घ्यावा का?

जादा पैसे नेमके कशाचे?

फक्त फोटोच्या स्पष्टतेचे नाहीत. १९९७ च्या प्लास्टिक बॉडीच्या ऑलिम्पस म्यू-२ मध्येही एफ/२.८ चीच लेन्स आहे आणि ती उत्तम आहे. फरक पडतो तो नियंत्रणात. म्यू-२ प्रत्येक वेळी उघडला की फ्लॅश पुन्हा ऑटोवर जातो. बंद करायला विसरलात तर संध्याकाळच्या उजेडातला घरातला फोटो गेलाच म्हणून समजा. टी२ मध्ये ॲपर्चर आणि फोकसचे अंतर हाताने ठरवता येते. या पिढीतले अनेक कॅमेरे इन्फ्रारेड किरण सोडून अंतर मोजतात. समोर एसटीची किंवा रेल्वेची काच आली की ते फसतात. तिथे हाताने फिरवायची तबकडी कामी येते.

मग अडचण काय?

हे कॅमेरे आतून इलेक्ट्रॉनिक आहेत. मोटर, शटर, फोकस सगळे सर्किटवर चालते. कॉन्टॅक्स बनवणारी क्योसेरा २००५ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली. सर्किट गेले तर दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून भाग काढून लावणे एवढाच उपाय उरतो. रिको जीआर१ चा डिस्प्ले पुसट होतो, लायका मिनिलक्स 'ई०२' एरर दाखवून शटर अडवतो. महागड्या ब्रँडनेही यातून सुटका नाही. थोडक्यात, लाख रुपये देऊन तुम्ही तिशी ओलांडलेली फ्लेक्स केबल विकत घेत असता.

पर्याय कोणते?

१९७९ चा ऑलिम्पस एक्सए मला रोजच्या वापरासाठी सर्वांत समंजस वाटतो. सरकते झाकण, ३५ मिमी एफ/२.८ लेन्स, हाताने रेंजफाइंडर फोकस आणि बटणाएवढे दोन सेल. फिल्मही अंगठ्यानेच पुढे सरकवायची, त्यामुळे मोटर बिघडण्याचा प्रश्नच नाही. शटर मात्र इलेक्ट्रॉनिक आहे.

तेही नको असेल तर १९६६ पासूनचा रोलाय ३५ पाहा. त्याचे शटर यांत्रिक, सेलशिवाय चालणारे. अंतर अंदाजानेच लावायचे. एक लक्षात ठेवा : फिल्म पुढे सरकवल्याशिवाय त्याची लेन्स आत ढकलायची नसते. अनेकांनी जोर लावून तो तिथेच बिघडवला आहे.

वॉरंटीच हवी तर २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ आहे. तो हाफ-फ्रेम असल्याने ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात. रोल आणि धुलाईचा खर्च पाहता ही छोटी गोष्ट नाही. निगेटिव्ह निम्म्या आकाराचे असल्याने मोठ्या प्रिंटमध्ये दाणे मात्र लवकर दिसतात.

घेताना काय तपासावे?

मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती वाढतच जाते, 'स्वच्छ करून मिळेल' या आश्वासनावर विसंबू नका. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. मागचे दार उघडून कडेचा फोम चिकट झालाय का ते बघा, पण तो बदलणे स्वस्त आहे. तेवढ्यावरून सौदा मोडू नका. आणि 'फिल्म टाकून पाहिलेली नाही, पण चालू आहे' असे विक्रेता म्हणाला, तर एक रोल काढून, धुऊन बघेपर्यंत परत करण्याची मुदत मागा. तो नाही म्हणाला, तर बंद कॅमेऱ्याचीच किंमत द्या.