‘बा’ने दिले काय, अडवले काय? रोहिणी हट्टंगडी यांच्या कारकिर्दीचा अर्थ

किलवणी (सिल्वासा) : दादरा-नगर हवेलीतील मराठी घरांपासून पुण्या-मुंबईपर्यंतच्या प्रेक्षकांना रोहिणी हट्टंगडी परिचित आहेत त्या प्रामुख्याने मालिकांमधील करारी सासू किंवा आजी म्हणून. याच अभिनेत्रीने १९८३ मध्ये ब्रिटिश अकादमीचा ‘बाफ्टा’ पुरस्कार पटकावला होता, याचे स्मरण मात्र फारसे राहिलेले नाही. या दोन गोष्टींमधील अंतरातच त्यांच्या कारकिर्दीचे मर्म आहे.

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला आठ ऑस्कर मिळाले. महात्माजी साकारणारे बेन किंग्जली सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी हट्टंगडी यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. ‘रेड्स’ चित्रपटातील मॉरीन स्टेपलटन यांच्यासह तो विभागून देण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतील दिवसांपासून १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील अखेरपर्यंत कस्तुरबांचे आयुष्य उभे करणे हे तरुण अभिनेत्रीसाठी सोपे आव्हान नव्हते. पुण्यात शिकलेल्या हट्टंगडी यांच्या पाठीशी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली घेतलेले शिक्षण आणि रंगभूमीचा अनुभव होता. वय हे रंगमंचावर देहबोलीने आणि आवाजाने घडवायचे असते, हा तेथील पहिला धडा.

किंग्जली यांच्यासमोर पुढे आंतरराष्ट्रीय भूमिकांची रांग लागली. हट्टंगडी यांच्या वाट्याला ते आले नाही. त्या काळच्या पाश्चात्त्य चित्रपटांत भारतीय अभिनेत्रींसाठी महत्त्वाच्या भूमिकाच मोजक्या होत्या. मायदेशी वेगळाच पेच उभा राहिला. तरुणपणी वार्धक्य हुबेहूब वठवले, म्हणून हिंदी चित्रसृष्टीने त्यांना आईच्या चौकटीत बसवले. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) त्या वयाने मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. ‘सारांश’मध्ये (१९८४) त्यांच्यासमवेत वृद्ध पिता रंगवणारे अनुपम खेर हेही तेव्हा तरुणच होते. त्यांना मात्र पुढे खलनायकापासून विनोदी पात्रापर्यंत सर्व दारे खुली झाली. एकच कौशल्य पुरुषाला वैविध्य देते आणि स्त्रीला साचा, हा भेद येथे ठळकपणे दिसतो.

साच्याबाहेरची संधी मिळाली तेव्हा त्यांनी तिचे सोने केले. ‘अर्थ’मधील घरकाम करणारी बाई, ‘पार्टी’मधील मोहिनी ही अभिनेत्री, ‘चालबाज’मधील दुष्ट काकू या परस्परांशी काडीचेही साम्य नसलेल्या व्यक्तिरेखा आहेत. त्यांपैकी ‘पार्टी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. पुढे ‘होणार सून मी ह्या घरची’ने त्यांना नव्या पिढीपर्यंत नेले. या भूमिकाही प्रौढ स्त्रीच्याच होत्या. पण चित्रपटात नायकाच्या आड उभी राहणारी आई मालिकेत घराच्या आणि कथेच्या केंद्रस्थानी आली. बाफ्टाने त्यांना जगाची मान्यता दिली. रोजच्या भेटीतून निर्माण होणारी जवळीक आणि कथेतील मध्यवर्ती स्थान त्यांना लाभले ते मराठीच्या छोट्या पडद्यावर.