मोटारीचा पट्टा का किंचाळतो?

ओवे गावी पावसाळी सकाळी एखादी मोटार सुरू होताच किंचाळते, ती का? भिजल्याने घर्षण घटून इंजिनाचा पट्टा कप्पीवर घसरतो. सुकल्यावरही आवाज राहिला, तर पट्टा सैल वा झिजलेला समजावा. तो तुटल्यास जनित्र थांबते. पुष्कळ मोटारींत पाण्याचा पंपही थांबून इंजिन तापते.

‘व्ही’ आकाराचा पट्टा पाचरीसारखा खाचेत रुततो. सपाट कप्पीच्या मानाने घर्षण सुमारे तिप्पट होते.

असा पट्टा वडीलधाऱ्यांसमवेतच बदला. थंड, बंद इंजिन. बॅटरीची ऋण तार काढलेली. जनित्राचे बोल्ट सैल करून त्याच मापाचा पट्टा चढवा, जनित्र मागे ओढून ताण द्या व बोल्ट आवळा. मधोमध अंगठ्याने दाबल्यास तो सुमारे १ सेंटिमीटर दबावा. अधिक ताणल्यास काय झिजेल बरे? बेअरिंग!