जुन्या शिरस्त्राणाची परीक्षा

लखनौच्या जुन्या बाजारातला कुशल रफूगार शालीचे फाटके असे सांधून देतो की, कुठे फाटले होते ते मालकालाही सांगता येऊ नये. जुनी वस्तू टाकण्यापूर्वी ती दुरुस्त होते का ते पाहणे, ही अशा शहराची सहजवृत्तीच म्हणावी लागेल. त्याच शहरात, गोमतीनगरच्या रस्त्यांवर पहाटे सायकल चालविणाऱ्या एखाद्या कुटुंबात थोरल्याचे शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, धाकट्याच्या डोक्यावर चढविण्याची वेळ येते, तेव्हा ही वृत्ती कितपत उपयोगी पडते? कायद्याची सक्ती मोटारसायकलस्वारांना आहे, सायकलस्वारांना नाही. त्यामुळे निर्णय घरातल्यांनीच करावयाचा असतो.

बाहेरचे गुळगुळीत कवच डोके वाचविते, ही समजूत अपुरी आहे. मुख्य काम करते ते आतले अस्तर. आपल्या परिचयाच्या थर्मोकोलच्याच जातीचे, पण अधिक घट्ट असे ते सुमारे इंचभर जाड असते. अमेरिकेत १९९९ साली लागू झालेल्या मानकानुसार, शिरस्त्राण चढविलेला डोक्याच्या आकाराचा धातूचा ठोकळा सुमारे २ मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर पाडतात. आदळताना त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग २ सेंटिमीटर अंतरात संपला, तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या सुमारे १०० पट होते; २ मिलिमीटरमध्येच संपला, तर १००० पट. मानकाने कमाल मर्यादा ठरविली आहे ती ३०० पटींची.

हे दोन सेंटिमीटर मिळतात, ते अस्तरातील हवेच्या सूक्ष्म पेशी चुरडल्या जातात म्हणून. चुरडलेल्या पेशी पुन्हा पूर्ववत होत नाहीत. अस्तर थोडेसे वर उसळते खरे, आणि तेथेच फसगत होते. जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण धडधाकट दिसले, तरी त्या जागी ते खर्ची पडलेले असते. येथे रफू नाही. भेग चिकटविण्याचा खटाटोप तर घातकच ठरतो, कारण पेट्रोल, थिनर अशा द्रवांत हे अस्तर विरघळते. पंक्चरवाल्याचे सोल्यूशनही त्यापासून दूरच ठेवावे.

पट्टी, बक्कल, आतल्या गाद्या यांची गोष्ट वेगळी. त्याच बनावटीचे सुटे भाग मिळत असतील, तर ते अवश्य बदलावेत. पट्टीचे मूळच अस्तरातून निसटले असेल, तर मात्र नाद सोडावा.

वयाचे काय? कित्येक उत्पादक काही वर्षांनी नवे घ्यावयास सांगतात. परंतु वापरलेल्या शिरस्त्राणांच्या चाचण्यांत केवळ वयामुळे अस्तर फारसे दुबळे झाल्याचे आढळलेले नाही. म्हणून कॅलेंडरपेक्षा इतिहास पाहावा. गाद्या काढून, उजेडात धरून, दोन्ही बाजूंची जाडी ताडून पाहावी, अंगठा फिरवावा, कडा हलकेच ताणून भेग दिसते का ते बघावे. लखनौच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत ते पडून राहिले होते का, हेही विचारावे. आणि मुख्य म्हणजे थोरल्याला न रागावता विचारावे, की तू कधी डोक्यावर पडला होतास का? रागाच्या भीतीने तो नाही म्हणाला, तर ही सारी परीक्षा व्यर्थ आहे.

बाद ठरलेल्या शिरस्त्राणाच्या पट्ट्या कापूनच ते भंगारात द्यावे. नाही तर ते आणखी कोणाच्या तरी डोक्यावर चढेल.