नाडी बघायची की हळद विकायची?

आमच्या आष्ट्यात पोरगी बीएएमएसला लागली की भावकी त्याच दिवसापासून ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागते. लग्नाच्या बायोडेटात ‘डॉ.’ आलं की स्थळंही वरची येतात. माझी इंटर्नशिप चालू आहे. ओपीडीत मन रमत नाही असं नाही; पण हळदीचा सौदा निघाला की रुग्णांपेक्षा दराकडे जास्त लक्ष जातं.

घरची हळद आहे. काढलेले कंद पूर्वी काहिलीत शिजायचे, आता वाफेच्या कुकरमध्ये शिजतात. मग खळ्यावर वाळवण, ड्रममध्ये पॉलिश. ओल्या पाच किलोंचे वाळून जेमतेम किलोभर हळकुंड होते. एवढं करून पोती सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्याकडे टाकायची, की आमचा संबंध संपला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पाकिटावर नाव दुसऱ्याचंच. द्रव्यगुणाच्या तासाला हरिद्रेचे गुण पाठ करताना हेच डाचायचं.

डॉक्टरकीचं वजन आमच्या जिल्ह्यात जरा जास्तच. डॉ. वॉनलेस यांचं मिरजेचं इस्पितळ १८९४ पासूनचं. पण याच जिल्ह्यात १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडीही उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले होते चित्रकला शिकायला. रंगांधळेपणामुळे रंग सुटले. यंत्रांची रेखाटनं मात्र हातात राहिली, आणि पुढे तीच कामाला आली. पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी तर १८७२ मध्ये वैद्यकीतूनच धूतपापेश्वरचा कारखाना काढला. शिकलेलं टाकून कुणीच धंद्यात पडलं नव्हतं.

म्हणून अर्धवट सोडणं मला पटत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप झाल्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय दवाखाना नाही.

धंद्यातही या शिक्षणाचा उपयोग आहे. हळद मसाला म्हणून विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना पुरतो. त्याच पाकिटावर ‘सांधेदुखीवर रामबाण’ छापलं, की मामला १९४० च्या औषध कायद्यात जातो आणि एफडीएचा आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना लागतो. ही रेघ कुठे आहे, हे पुष्कळ पाकीटवाल्यांना ठाऊक नसतं. भांडवलासाठी केंद्राची २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे: प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख. मात्र ते कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. बँक आधी दारात उभं करते.

घरच्या आण्णांचा आक्षेप वेगळाच. “दवाखान्यात उधारी बुडली तर शे-दोनशेची बुडंल. यापाऱ्याकडं बुडली तर वरीस गेलं.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यामुळे यंदा सगळी हळद नाही, थोडीच पोती दळून बघायचं ठरलंय, तेही रोखीनं.

माझ्यासारखी घालमेल ज्यांची चालली असेल, त्यांनी कॉलेज सोडण्याआधी एक हंगाम जमाखर्चाची वही ठेवावी. तिच्यात स्वतःची मजुरी धरायला विसरू नका. आमच्याकडे ती कुणीच धरत नाही.