साइड लावली की पांढरा बॉल रेषा का सोडतो?

पांढऱ्या बॉलला डावी साइड लावली, म्हणजे मध्याच्या डावीकडे मारून फिरकी दिली, की तो निशाण्याच्या रेषेवरून न जाता किंचित उजवीकडे निघतो. उजवी लावली तर डावीकडे. नवे खेळाडू हाताला दोष देतात, पण हात अगदी सरळ असला तरी हे घडतंच. याला 'स्क्वर्ट' किंवा डिफ्लेक्शन म्हणतात.

कारण क्यूच्या टोकात आहे. टिप आणि बॉलचा स्पर्श साधारण एक मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात बॉल फिरू लागतो आणि टिपला बाजूला ढकलतो. टोक जड असेल तर ते सहज हलत नाही, उलट बॉललाच रेटतं. इतक्या कमी वेळात हा धक्का शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या दांड्याच्या, जेमतेम वीतभर भागापर्यंत पोचतो. त्यामुळे क्यूचं एकूण वजन, मुठीकडचं महागडं लाकूड, त्यावरची नक्षी यांचा इथे संबंध जवळजवळ नाहीच. दुकानदार काहीही सांगो!

लो-डिफ्लेक्शन शाफ्टचं टोक म्हणूनच पोकळ, टिपखालची कडी म्हणजे फेरूल हलकं, व्यास कमी. पूलचा साधा मेपल शाफ्ट सुमारे 13 मिमीचा असतो, स्नूकरचा क्यू 9 ते 10 मिमीचा. पण त्याचं पितळी फेरूल वजन वाढवतं.

जोर वाढवला तरी स्क्वर्टचा कोन फारसा बदलत नाही. बदलतो तो स्वर्व्ह: मूठ थोडी वर असल्याने हळू शॉटमध्ये बॉल वळून साइडच्या दिशेला परत येतो.

शून्य डिफ्लेक्शनचा क्यू बाजारात नाही. तेव्हा क्लबमधला हाताला लागेल तो क्यू उचलू नका; एकच धरा आणि त्याचा स्क्वर्ट ओळखा.