टोपी, एप्रन आणि किल्ल्यांचा जुडगा

मनोरुग्णालयातली नर्स म्हटली की सिनेरसिकांना हटकून आठवते ती नर्स रॅचेड. मिलॉश फोरमन यांच्या १९७५ सालच्या ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’मधली. कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, आवाज कधी चढत नाही आणि पकड कधी सुटत नाही. लुईस फ्लेचरला या भूमिकेबद्दल ऑस्कर मिळालं. चित्रीकरणही ऑरेगन राज्यात सेलमच्या खऱ्याखुऱ्या मनोरुग्णालयात झालं. तिथले अधीक्षक डीन ब्रुक्स यांनीच पडद्यावरच्या डॉक्टरचं काम केलं. गंमत अशी, की चित्रपट आला तोवर ब्रिटन-अमेरिकेतल्या बऱ्याच मनोरुग्णालयांनी तो पांढरा वेश केव्हाच खुंटीला टांगला होता.

आणि मुळात तो तिथला नव्हताच.

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांची देखभाल करणाऱ्या पुरुषाला कुणी नर्स म्हणत नसे. तो असे रखवालदार, पुढे ‘अटेंडंट’. सर्ज या लोकरी कापडाचा गडद निळा कोट, पितळी बटणं, पुढे झाप असलेली टोपी आणि कमरेच्या पट्ट्याला साखळीने अडकवलेल्या किल्ल्या. लांबून पाहणाऱ्याला तो पोलीस किंवा तुरुंगाचा शिपाईच वाटावा. किल्ली हरवणं हा मोठाच गुन्हा. बायकांच्या वॉर्डात झगा, एप्रन आणि टोपी असा मोलकरणीच्या वळणाचा वेश असे. किल्ल्या मात्र त्यांच्याही कमरेला.

यात नवल काही नव्हतं. कामच पहाऱ्याचं होतं. लंडनजवळच्या हॅनवेल इस्पितळात डॉ. जॉन कॉनोली यांनी १८३९मध्ये रुग्णांना बांधून ठेवणं बंद केलं. साखळदंड गेले, पण त्यांचं काम शिल्लक राहिलं, आणि ते माणसांच्या अंगावर आलं. रुग्ण पळू नये, जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नये, याची जबाबदारी या कोटवाल्यांची. कपड्यांसाठी या इस्पितळांची स्वतःची शिंपीखाती आणि धोबीखाती असत, आणि तिथे राबत रुग्णच. कपडे फाडणाऱ्या रुग्णासाठी जाड, सहजी न फाटणारे कपडे वेगळे शिवले जात.

मग शिक्षण आलं. ब्रिटनमध्ये १८८५ साली अटेंडंटसाठी एक हस्तपुस्तिका निघाली. लाल बांधणीमुळे पुढे ती ‘रेड हँडबुक’ म्हणूनच ओळखली गेली. काही वर्षांत परीक्षा आणि प्रमाणपत्रही आलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मॅक्लिन रुग्णालयात डॉ. एडवर्ड काउल्स यांनी १८८२मध्ये परिचारिकांची शाळाच काढली. पांढरा एप्रन आणि खळ घातलेली टोपी मनोरुग्णालयांत रुजली ती या वाटेने. ‘आम्ही तुरुंगाचे शिपाई नाही, परिचारिका आहोत,’ असा तो दावा होता. दाव्याची गरजही होती, कारण मनोरुग्णांची सेवा करणाऱ्यांकडे इतर परिचारिका जरा खालच्या नजरेनेच पाहत. १९१९च्या कायद्याने ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी सुरू झाली, तेव्हाही मनोरुग्ण परिचारिकांची नावं गेली वेगळ्या, पुरवणी यादीत. ज्यांना पंगतीत बाजूला बसवलं जातं, त्यांनी टोपीची इस्त्री मोडू न देणं समजण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. मनोविकारतज्ज्ञ मॅक्सवेल जोन्स यांनी इंग्लंडमधल्या बेलमाँट रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण यांना रोज एकत्र बसवून बोलतं केलं. पन्नाशीच्या दशकात नवी औषधं आली आणि वॉर्डांची कुलपं निघू लागली. डॉ. रसेल बार्टन यांनी १९५९मध्ये लिहिलं, की रुग्ण मंद, निरिच्छ होतात ते केवळ आजारामुळे नव्हे. इस्पितळही त्यांना तसं करतं. हातची कामं आणि स्वतःच्या वस्तू काढून घेणं हेही त्यामागचं एक कारण. मग एका बाजूला गणवेशधारी आणि दुसऱ्या बाजूला कळाहीन कपड्यातले रुग्ण ही भिंत कशाला, असा प्रश्न आलाच. परिचारिका साध्या कपड्यांत वावरू लागल्या.

भिंत पडली का? समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन १९५५-५६मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात अभ्यासासाठी वर्षभर वावरले. दिवस रुग्णांबरोबर काढायचा, कर्मचाऱ्यांत फार मिसळायचं नाही आणि किल्ली जवळ बाळगायची नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांनी मर्म अचूक ओळखलं होतं. परिचारिकेने जीन्स घातली काय नि साडी नेसली काय, दार उघडून घरी कोण जातं ते रुग्णाला पहिल्याच दिवशी कळतं.

साध्या वेशाची दुसरी बाजूही आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना रात्री खोलीत शिरलेली बाई कोण, हे गणवेशावरून तरी उमगतं. नातेवाइकांना विचारायचं कुणाला ते समजतं. शिवाय अंगावर अन्न सांडतं, उलटी होते; घरचे कपडे वाया का घालवायचे, हा परिचारिकांचा सवालही रास्तच. साध्या वेशात ओळख पटते ती गळ्यातल्या ओळखपत्राने; पण गळ्यातली वस्तू झटापटीत ओढली जाऊ शकते, म्हणून त्याची दोरी ताण पडताच सुटेल अशी लागते. २०२०च्या कोरोनाकाळात तर ब्रिटनमधल्या अनेक मनोरुग्ण वॉर्डांत साधे कपडे जाऊन स्क्रब्ज, म्हणजे रुग्णालयातला सैलसर सदरा-विजार, आले. पोशाख पुन्हा एकसारखा झाला, यावेळी संसर्गाच्या भीतीने.

भारतात कायद्याने लक्ष घातलं ते रुग्णाच्या कपड्यांत. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की रुग्णाला इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे, संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादता येणार नाही, आणि सक्तीने त्याचं मुंडणही करता येणार नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या सरकारी मनोरुग्णालयांनाही हे लागू आहे. अर्थात त्यासाठी रुग्णाजवळ स्वतःचे कपडे हवेत, ते धुऊन ज्याचे त्यालाच परत मिळायला हवेत, आणि ठेवायला लहानसं का होईना, कुलपाचं एक कपाट हवं.